आठ रात्री, तीन मुक्काम, चार डोंगर: स्वित्झर्लंडचा कुठला रेल्वे पास खरोखर परवडतो?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या, त्यांचे यजमान, ६८ वर्षांच्या सासूबाई, १७ वर्षांची मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा असे पाच जण स्वित्झर्लंडला निघाले आहेत. संध्याकाळी झुरिकला उतरून ल्युसर्नला तीन रात्री, लाउटरब्रुनेनला तीन रात्री, झरमॅटला दोन रात्री आणि तिथून थेट झुरिक विमानतळ. डोंगर ठरलेत: रिगी, टिटलिस, युंगफ्राऊयोख आणि गोर्नरग्राट. शिवाय लाउटरब्रुनेनच्या वरच्या म्युरेन गावाची एक चक्कर. सगळे सांगतात स्विस ट्रॅव्हल पास घ्या आणि निश्चिंत व्हा. त्या विचारतात, आठ दिवसांचा पास घेऊनच टाकू का?

ताई, थांबा. तुमच्या बेताला तो पास महाग पडतो. किती आणि का, ते सविस्तर सांगते, कारण पुढच्या वर्षी दर बदलले तरी हिशेबाची पद्धत तीच राहते. मी गेली चौदा वर्षं लोकांना स्वित्झर्लंडचे रेल्वेचे बेत आखून देते आहे आणि या एका प्रश्नावर जेवढे पैसे वाया गेलेले पाहिलेत तेवढे हॉटेलवरही पाहिले नाहीत.

पहिली गोष्ट समजून घ्या. स्विस ट्रॅव्हल पास हा मुळात दरीतला पास आहे. गावोगावच्या रेल्वे, पिवळ्या पोस्ट बस, तळ्यातल्या बोटी, शहरातल्या ट्राम यांवर तो थेट चालतो. डोंगरावर मात्र प्रत्येक गाडीचा आपला वेगळा कारभार आहे. रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस या डोंगरांवर पास पूर्ण चालतो. टिटलिस, पिलाटुस, गोर्नरग्राट इथे तो अर्धी सवलत देतो. आणि युंगफ्राऊयोखला वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंत नेऊन सोडतो, तिथून वर फक्त २५ टक्के सवलत.

आता दुसरं कार्ड पाहा, ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही: स्विस हाफ फेअर कार्ड. एक महिना चालतं आणि रेल्वे, बस, बोट, बहुतेक सगळे डोंगर, सगळीकडे तिकीट अर्धं करतं. युंगफ्राऊयोखसुद्धा अर्ध्यात. हाच तो कळीचा मुद्दा. देशातल्या सगळ्यात महागड्या डोंगरावर महागडा पास पाव सवलत देतो आणि स्वस्त कार्ड अर्धी.

खालचे सगळे आकडे २०२५ च्या दरांवर बेतलेले आहेत, एका मोठ्या माणसाचे, दुसऱ्या वर्गाचे, स्विस फ्रँकमध्ये. डोंगरांचे दर महिन्यागणिक थोडे हलतात, म्हणून ते गोळाबेरीज समजा. फ्रँकला शंभर रुपयांहून जास्तच पडतात, तेव्हा दोन शून्यं लावलीत की रुपयांचा किमान अंदाज येतो.

विमानतळ ते ल्युसर्न ३१. रिगी, जाताना बोटीने फित्स्नाऊ आणि येताना आर्ट-गोल्डाऊवरून रेल्वेने, ११५. ल्युसर्न ते टिटलिसच्या पायथ्याचं एंगलबर्ग जाऊन-येऊन ३८, तिथून टिटलिसचा पाळणा म्हणजे रोपवे ९७. ल्युसर्न ते लाउटरब्रुनेन ४२. म्युरेन जाऊन-येऊन २५. लाउटरब्रुनेनहून युंगफ्राऊयोख जाऊन-येऊन २४०. लाउटरब्रुनेन ते झरमॅट ८८. गोर्नरग्राट १२०. झरमॅट ते झुरिक विमानतळ १३३. बेरीज ९२९.

हाफ फेअर कार्ड घेतलं तर याचे अर्धे ४६५ आणि कार्डाचे १२०, म्हणजे ५८५.

स्विस ट्रॅव्हल पास आठ दिवसांचा ४१९. त्यावर टिटलिसचे ४९, गोर्नरग्राटचे ६०, वेंगेनपासून युंगफ्राऊयोखचे साधारण १७०. आणि अजून एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. आठ रात्री म्हणजे नऊ दिवस. पास रात्रींवर चालत नाही, तारखांवर चालतो. पहिल्या संध्याकाळी विमानतळावरून ल्युसर्नला जायला पास सुरू केलात तर शेवटच्या दिवशी झरमॅटहून निघताना तो संपलेला असेल, आणि तेच तिकीट सगळ्यात महाग आहे. म्हणून पहिल्या संध्याकाळचे ३१ वेगळे धरायचे. एकूण ७२९.

माणशी १४४ फ्रँकचा फरक. तुम्ही तिघं मोठी माणसं, म्हणजे ४३० फ्रँकच्या वर. एवढ्यात लाउटरब्रुनेनच्या एखाद्या चांगल्या घरगुती मुक्कामाची दोन रात्रींची सोय होते.

हिशेबाची एक सोपी युक्ती आहे, ती मी सगळ्यांना शिकवते. टिटलिस, पिलाटुस, गोर्नरग्राट हे डोंगर दोन्हीकडे अर्ध्यातच आहेत, त्यामुळे ते तुलनेतून काढून टाका. त्यांच्यावर वेळ घालवू नका. फक्त ज्या प्रवासावर पास पूर्ण चालतो त्याचं पूर्ण भाडं कागदावर मांडा. पासच्या किमतीतून कार्डाची किंमत (२०२५ ला १२०) वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट करा. तुमची बेरीज त्या आकड्याच्या वर गेली तर पास, खाली राहिली तर कार्ड. २०२५ च्या दरांनी ३ दिवसांचा पास २४४, म्हणून त्याचा आकडा २४८. ४ दिवसांचा २९५, आकडा ३५०. ६ दिवसांचा ३७९, आकडा ५१८. ८ दिवसांचा ४१९, आकडा ५९८. १५ दिवसांचा ४५९, आकडा ६७८. बेतात युंगफ्राऊयोख असेल तर या आकड्यात अजून शंभर-सव्वाशे मिळवा, कारण तिथे पास मागे पडतो.

तुमच्या बेतात पासखाली येणारा प्रवास, पहिली संध्याकाळ सोडून, ४५५ च्या आसपास आहे. लागणार होता ५९८, आणि युंगफ्राऊयोख धरून सातशेच्या वर. जवळपासही नाही.

मग पास कोणाला परवडतो? जो रोज लांब जातो त्याला. मागे एका जोडप्याला मी आठ दिवसांचा पासच घ्यायला लावला होता. ते झुरिकहून शाफहाउजनचा धबधबा पाहून कूरला गेले, बेर्निनाच्या गाडीने थेट इटलीतल्या तिरानोपर्यंत उतरले, परत सेंट मॉरिट्झ, तिथून आठ तासांचा प्रवास करून झरमॅट, मग माँत्रू, शियाँचा किल्ला, तिथून पुन्हा डोंगर ओलांडून इंटरलाकेन, दोन्ही तळ्यांतल्या बोटी आणि शेवटी रिगी. वर जाण्यात त्यांना रस नव्हता, खिडकीशी बसण्यात होता. त्यांचं पूर्ण भाडं आकड्याच्या कितीतरी वर गेलं. पासवर पाचशेहून जास्त संग्रहालयं आणि शियाँचा किल्लाही मिळतो, तोही त्यांनी वसूल केला. तुमचा बेत नेमका उलटा आहे: तीन ठिकाणी तळ ठोकायचा आणि तिथून वर चढायचं. कुटुंब घेऊन जाताना हाच बेत बरा, फक्त त्याला पास वेगळा लागतो.

माझ्या स्वतःच्या पहिल्या खेपेला, २०११ साली, मीही सांगोवांगी आठ दिवसांचा पास घेतला होता. त्यातले तीन दिवस आम्ही वेंगेनला होतो. सकाळी उठून गवतातल्या वाटेने चालायचं, दुपारी बाल्कनीत बसून समोरच्या कड्यावरून पडणारं पाणी बघायचं. फार सुंदर दिवस होते ते. पण पास पर्समध्येच होता आणि दर सकाळी मनात यायचं की आज कुठेतरी लांब जायला हवं, नाहीतर पैसे बुडाले. एका सकाळी आम्ही खरंच उठून बर्नला गेलो, केवळ पास आहे म्हणून. त्या दिवशी वर आभाळ निरभ्र होतं. युंगफ्राऊ काचेसारखी स्वच्छ दिसत असणार आणि आम्ही शहरात दुकानांच्या काचा बघत होतो. तेव्हापासून मी कोणाचाही बेत आखताना पास आधी ठरवत नाही. आधी डोंगर, मग मुक्काम, मग पास.

आता हवामानाबद्दल, कारण तुमचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच बुडू शकतात. युंगफ्राऊयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. वाटेत गाडी बदलतात ते क्लाइने शायडेकच २,०६१ मीटरवर, म्हणजे तिथेच आपण कळसूबाईच्या चारशे मीटर वर असतो. एवढ्या उंचीवर ढग बसला तर चहूकडे पांढरं, समोरचा माणूस दिसत नाही. २४० फ्रँकचं तिकीट, निम्मं दिलं तरी १२०, आणि हाती फक्त थंडी. म्हणून डोंगराचं तिकीट भारतातून आधी काढू नका. सकाळी उठल्यावर मोबाइलवर वरच्या वेबकॅमचं चित्र पाहा. सगळ्या मोठ्या डोंगरांचे वेबकॅम फुकट दिसतात. निरभ्र असेल तर लगेच निघा, नसेल तर त्या दिवशी म्युरेन करा किंवा ट्रुमेलबाखचा डोंगराच्या पोटातला धबधबा पाहा. तीन रात्रींत एक तरी चांगली सकाळ बहुधा मिळते. हाफ फेअर कार्डाचा मला सगळ्यात आवडणारा गुण हाच आहे: ज्या दिवशी प्रवास केला त्याच दिवशी पैसे जातात, घरी बसलात तर काही जात नाही.

काही एजंट पास आणि युंगफ्राऊयोखचं ठरलेल्या तारखेचं तिकीट एकत्र बांधून देतात. कोल्हापूरच्या एका कुटुंबाला असंच बांधलेलं पाकीट मिळालं होतं. ठरल्या दिवशी वर बर्फाचा भुरभुराट होता. ते गेले, वरच्या भारतीय उपाहारगृहात जेवले, बर्फाच्या गुहेतून फिरले आणि खाली आले. डोंगर काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि त्यांची बस झुरिकला निघाली होती. त्या घरातल्या आजोबांनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात पैशांचं दुःख नव्हतं, आयुष्यात एकदाच आलो होतो याचं होतं. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगते.

याच्या उलट, मुक्काम बदलण्याचा दिवस हवामानाने बदलत नाही. हॉटेलं ठरलेली असतात, पाऊस असो की ऊन, तुम्ही त्या दिवशी निघणारच. म्हणून ती तिकिटं आधी काढायची. इथे सेव्हर डे पास नावाची फार उपयोगाची गोष्ट आहे: एका तारखेचा, देशभर चालणारा, हाफ फेअर कार्ड असेल तर २९ फ्रँकपासून मिळणारा पास. सहा महिने आधी विक्री सुरू होते आणि जसजशी तारीख जवळ येते तसतसा महाग होत जातो. तुमच्या शेवटच्या दिवशी झरमॅट ते विमानतळ अर्ध्या तिकिटाचे ६६ होतात. २९ चा सेव्हर मिळाला तर माणशी ३७ वाचले. लाउटरब्रुनेन ते झरमॅटच्या दिवशी माणशी १५ वाचतात. दोन्ही दिवस धरले तर माणशी ५२ आणि ५८५ चा आकडा ५३३ वर येतो. ल्युसर्न ते लाउटरब्रुनेनला मात्र घेऊ नका, अर्धं तिकीट २१ चंच आहे. एक लक्षात ठेवा, सेव्हर डे पासचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर पडल्याशिवाय घेऊ नका.

आता घरातल्या एकेकाचं.

मुलाचा प्रश्न सगळ्यात सोपा. सहा ते सोळाच्या आतल्या मुलाला स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळतं. आईने किंवा बाबांनी पास किंवा हाफ फेअर कार्ड घेतलेलं असलं की झालं. हे कार्ड मागावं लागतं. कार्ड काढताना मुलाचं नाव आणि जन्मतारीख भरायला विसरू नका, न मागता कोणी हातात ठेवत नाही. आणि मूल आई-बाबांपैकी एकाबरोबर असायला हवं. एखाद्या दुपारी तो आजीबरोबर एकटाच बोटीने गेला तर त्याचं अर्धं तिकीट काढा.

मुलगी १७ ची, म्हणजे ती या सवलतीतून बाहेर पडली. स्विस ट्रॅव्हल पास २५ वर्षांच्या आतल्यांना साधारण ३० टक्के स्वस्त मिळतो, आठ दिवसांचा २९७. हाफ फेअर कार्डाला अशी सवलत नाही, तिलाही १२०. त्यामुळे तिचा हिशेब तुमच्यापेक्षा वेगळा येतो. पासने ६०७, कार्डाने ५८५, सेव्हर डे पास धरले तर ५३३. म्हणजे तिचंही कार्डच. पण बेतातून युंगफ्राऊयोख गळलं आणि दोन लांबच्या सहली वाढल्या तर तिला पास आणि तुम्हाला कार्ड अशी वेळ येऊ शकते. एकाच घरात दोन प्रकार घेण्यात काहीही अडचण नाही, सगळ्यांना एकच पास हवा असा कुठे नियम नाही.

सासूबाईंबद्दल मी जरा वेगळं सांगणार आहे. तिथे ज्येष्ठ नागरिकांना पासवर सवलत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण इथे आपल्याला तशी अपेक्षा असते. त्यांच्या गुडघ्यांचा त्रास तुम्ही लिहिला आहे. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर युंगफ्राऊयोखबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवा, वरची हवा विरळ असते आणि तिथे बरंच चालावं लागतं. समजा त्या युंगफ्राऊयोख आणि गोर्नरग्राट करणार नसतील, तर आकड्यांनी कार्डच स्वस्त येतं, पण फरक नव्वद-पंचाण्णव फ्रँकवर येतो. आणि तेवढ्यासाठी मी त्यांना स्विस ट्रॅव्हल पासच घेऊन देईन. तुम्ही वर असताना त्या खाली काय करतील याचा विचार करा. ब्रिएन्झच्या तळ्यातली बोट पकडली, ईझेल्टवाल्डला उतरावंसं वाटलं, उतरल्या. पुढची बोट आली, चढल्या. गुडघा दुखला, आलेल्या पहिल्या बसमध्ये बसल्या. प्रत्येक वेळी तिकिटाच्या मशीनसमोर उभं राहून बटणं शोधायला नकोत, मुलाला फोन करून विचारायला नको. माझ्या आईला मी असंच नेलं होतं. पास गळ्यातल्या पाकिटात, आणि तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, आज तुम्ही कुठे जायचं तिथे जा, मी माझी फिरते. ७१ व्या वर्षी परक्या देशात एकटीने फिरण्याचा तो आनंद मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. नव्वद-पंचाण्णव फ्रँक त्यासाठी जास्त नाहीत.

हाफ फेअर कार्ड घेतलंत की एक चूक टाळायची आहे, आणि ती आपल्या माणसांकडून फार होते. हे कार्ड म्हणजे तिकीट नाही. लाउटरब्रुनेनहून वेंगेनला चढणाऱ्या गाडीत एकदा माझ्या समोरच्या बाकावर एक मराठी काका-काकू होते. तपासनीस बाई आल्या, काकांनी हसून मोबाइल पुढे केला. बाईंनी यंत्र लावलं, परत लावलं आणि म्हणाल्या, हे कार्ड ठीक आहे, तिकीट? काका म्हणाले, हेच ना तिकीट. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की कार्ड घेतलं की सगळं झालं. मी मध्ये पडून समजावलं, पण दंड भरावा लागलाच, माणशी शंभर फ्रँकच्या आसपास. काकू पुढचा सगळा प्रवास खिडकीबाहेर न बघता गप्प बसून होत्या. म्हणून गाडीत पाऊल ठेवण्याआधी तिकीट काढा. सोपा मार्ग म्हणजे स्विस रेल्वेचं मोबाइल ॲप. त्यात प्रवाशाच्या नावापुढे हाफ फेअर कार्ड निवडलं की भाडं आपोआप अर्धं दिसतं. भाडी बघून हिशेब मांडतानाही ही खूण आधी तपासा, नाहीतर आधीच अर्ध्या केलेल्या आकड्याला पूर्ण भाडं समजून पुन्हा अर्धं कराल आणि सगळी बेरीज चुकेल. माझ्याकडे आलेल्या निम्म्या चुकीच्या हिशेबांचं मूळ हेच असतं.

प्रादेशिक पासांचं थोडक्यात. ल्युसर्नच्या भागासाठी टेल पास आहे: रिगी, टिटलिस, पिलाटुस, श्टान्सरहॉर्न, बोटी, सगळं आत. दोन दिवसांचा पासच दोनशे फ्रँकच्या आसपास जातो. तुमचे रिगी आणि टिटलिस कार्डावर सव्वाशेत होतात, म्हणून तुम्हाला नको. पण कोणी ल्युसर्नलाच चार-पाच दिवस राहून रोज एक डोंगर करणार असेल, तर त्याला टेल पास परवडू शकतो. पिलाटुसची दातेरी रुळाची गाडी १८८९ पासून ४८ टक्के चढावर चढते आहे, जगातली सगळ्यात तीव्र चढाची दातेरी रेल्वे. एक दिवस हाताशी असेल तर ती चुकवू नका.

लाउटरब्रुनेन-ग्रिंडेलवाल्डच्या बाजूला युंगफ्राऊ ट्रॅव्हल पास आणि बर्नर ओबरलँड पास असे दोन आहेत. दोन्ही चांगले आहेत, जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर तिथेच राहणाऱ्याला मी तेच सुचवते. मेमध्ये मात्र नाही. आपल्या शाळांच्या सुट्ट्या मेमध्ये, म्हणून आपण मेमध्ये जातो, पण तिथल्या डोंगरांचा हंगाम खऱ्या अर्थाने जूनमध्ये उघडतो. शिनिगे प्लाटेची जुनी गाडी, ब्रिएन्झ रोटहॉर्नची वाफेची गाडी, या मेअखेरीला बहुधा सुरूच झालेल्या नसतात, वरच्या वाटांवर बर्फ असतो. ज्या डोंगरांच्या जोरावर हे पास परवडतात त्यातले काही बंद असताना पूर्ण पैसे भरण्यात अर्थ नाही. कुठलाही प्रादेशिक पास घेण्याआधी त्या त्या गाडीच्या संकेतस्थळावर ती कुठल्या तारखेला सुरू होते ते स्वतः पाहा, एजंटच्या सांगण्यावर राहू नका.

युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या युरेल पासबद्दलही तुम्ही विचारलं आहे. चार देश फिरणाऱ्याला तो ठीक. डोंगराच्या सहलीला नाही: इंटरलाकेनच्या पुढे लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्डकडे वळलात की तिथे त्याच्यावर फक्त सवलत मिळते, फुकट प्रवास नाही.

हॉटेलात पोचल्यावर पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या. ल्युसर्न आणि इंटरलाकेनला मुक्काम असला की गावातली बस त्या कार्डावर फुकट असते. झरमॅटमध्ये पेट्रोलच्या मोटारी नाहीतच, गाव पायी फिरण्याएवढंच आहे. पासमध्ये शहरातली बस-ट्राम फुकट आहे हा पासच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा इथे बराचसा गळून पडतो.

मुलीला ग्लेशियर एक्स्प्रेसची, म्हणजे झरमॅट ते सेंट मॉरिट्झ धावणाऱ्या काचेच्या छताच्या गाडीची, ओढ आहे असं लिहिलंत. या खेपेला ती जबरदस्तीने कोंबू नका. तिकिटाशिवाय जागेच्या आरक्षणाचेच माणशी पन्नासेक फ्रँक आहेत आणि ते पास असला तरी भरावेच लागतात. तिला हे सांगा की त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्याही धावतात. वाटेत आंडरमाट, डिझेंटिस अशा ठिकाणी गाडी बदलायची, आरक्षण नाही, आणि कित्येक डब्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्याला काचेच्या छतापेक्षा उघडी खिडकी जास्त देते. दातेरी रुळाची मौज तिला गोर्नरग्राटला मिळेलच. १८९८ पासूनची ही गाडी आब्ट नावाच्या स्विस अभियंत्याच्या पद्धतीच्या दातेरी पट्टीवर चढते, आणि आपल्या ऊटीच्या गाडीला कल्लार ते कुन्नूर चढवणारी पट्टी त्याच माणसाच्या पद्धतीची आहे. ऊटीला गेला असाल तर झरमॅटहून निघताना मुलांना खाली वाकून रुळांच्या मधली पट्टी दाखवा, लगेच ओळखतील. वर जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसा, मॅटरहॉर्न त्या बाजूला येतो.

तर घेण्याचा क्रम असा ठेवा. व्हिसा हातात आला की त्याच आठवड्यात तुम्ही, यजमान आणि मुलगी यांची हाफ फेअर कार्डं काढा, सुरुवातीची तारीख उतरण्याच्या दिवसाची, नाव पासपोर्टवर आहे तसंच, आणि सोबत मुलाचं फॅमिली कार्ड. त्याच बैठकीत झरमॅटला जायच्या आणि परतीच्या दिवसाचे सेव्हर डे पास पाहा. परतीचा चाळीसच्या आत मिळाला तर घेऊन टाका, झरमॅटला जायचा २९ ला मिळाला तरच. सासूबाईंचा स्विस ट्रॅव्हल पास दुसऱ्या दिवसापासून सुरू करा, म्हणजे शेवटच्या दिवशी विमानतळापर्यंत चालेल. पहिल्या संध्याकाळचं त्यांचं ३१ चं तिकीट विमान उतरल्यावर खालच्या स्टेशनातच काढा. विमान उशिरा आलं तर आधी काढलेलं ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट वाया जातं. सगळ्यांचे पास मोबाइलमध्ये असतील, तरी सासूबाईंचा कागदावर छापून त्यांच्या पाकिटात ठेवा आणि पासपोर्टही जवळ असू द्या, तपासनीस विचारू शकतात. डोंगरांची तिकिटं त्या त्या सकाळी, वेबकॅम पाहून. युंगफ्राऊयोखसाठी लाउटरब्रुनेनमधली पहिली निरभ्र सकाळ पकडा, दुसरीची वाट बघू नका.